वाजविणाऱ्याचे नाव

गतवर्षी आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका तयार करण्याचे काम माझ्याकडे आले होते. चार पानांची ती लहानशी पत्रिका मी दोन रात्री बसून लिहिली, तीन वेळा तपासली आणि मग छापखान्यात धाडली. शुद्धलेखनाची एकही चूक तीत राहिली नाही, याचा मला थोडा अभिमानही वाटला होता. ‘मिले सूर मेरा तुम्हारा’ हे समूहगीत आठवी-नववीच्या नऊ मुलामुलींनी म्हटले. त्या नऊही जणांची नावे पत्रिकेत होती. गीत बसवून घेणाऱ्या शिक्षिकेचे नाव होते. मंडप घालणाऱ्यांचे आणि ध्वनिक्षेपकाची व्यवस्था पाहणाऱ्यांचे आभारही शेवटच्या पानावर होते. नव्हते ते एकच नाव. आरंभापासून अखेरपर्यंत ज्याने कीबोर्डवर साथ केली, गाण्यातील भाषा बदलली की नऊही जणांना अलगद पुढच्या ओळीवर नेऊन सोडले, आणि एक मुलगी मध्येच अडखळली तेव्हा त्याच सुरांवर एक आवर्तन अधिक फिरून तिला सावरून घेतले, त्या नववीतल्या मुलाचे.

कार्यक्रम संपल्यावर त्याची आजी पत्रिका हातात घेऊन माझ्याकडे आली. राग तिच्या चेहऱ्यावर मुळीच नव्हता. ‘‘बाई, गाणारी समदी लेकरं हाईत हितं. आमचं कुठं हाय?’’ मी घाईघाईने म्हटले, ‘‘आजी, तो गायला नाही ना, तो वाजवत होता.’’ ‘‘हौ, तेच तर म्हनते,’’ ती म्हणाली, ‘‘वाजवलं कुनी, ते कुठं लिव्हलंय?’’

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पत्रिका लिहिताना ते नाव मी विसरले होते असेही नव्हे. ते घालावयाचे असते हेच माझ्या मनात आले नव्हते. विसरण्यापेक्षा हे अधिक वाईट, असे मला वाटते.

पुढच्या आठवड्यात मी नववीच्या वर्गात सहज विचारले, ‘मिले सूर’ हे गाणे कोणाचे? कोणी भीमसेन जोशींचे नाव घेतले, कोणी लताबाईंचे. एकाने ‘दूरदर्शनचे’ असे सांगितले, आणि मागच्या बाकावरून अमिताभ बच्चन यांचेही नाव आले. यांतले कोणतेच उत्तर अगदी खोटे म्हणता येणार नाही. 15 ऑगस्ट 1988 रोजी दूरदर्शनवर हे गीत प्रथम दाखविले गेले, भीमसेनजींच्या भारदस्त आवाजाने ते सुरू होते, आणि पडद्यावर देशातील अनेक नामवंत दिसतात. परंतु शब्द पीयूष पांडे यांचे, भैरवीतील चाल आपल्या अशोक पत्की यांची, आणि चौदा भाषांतील तुकडे एका धाग्यात ओवून, प्रत्येक प्रांताला साजेशी वाद्ये योजून, हे सहा मिनिटांचे वस्त्र शिवले ते लुई बँक्स यांनी, हे वर्गात कोणालाही ठाऊक नव्हते. खरे सांगावयाचे तर त्या प्रसंगापर्यंत मलाही पत्कींचे तेवढे ठाऊक होते. दुसरे नाव मी शोधून काढले, आणि मग त्या नावाच्या मागे बरेच दिवस लागले.

लुई बँक्स हे जॅझ या संगीतप्रकारातील आपल्या देशाचे अग्रगण्य पियानोवादक आणि संगीतरचनाकार. त्यांचा जन्म 11 फेब्रुवारी 1941 रोजी दार्जिलिंग येथे एका नेपाळी कुटुंबात झाला. (पत्कींचे जन्मवर्षही 1941च, योगायोग म्हणून सोडून द्यावा.) जन्मनाव डंबर बहादूर बुढापृथी. आजोबा बखत बहादूर यांनी 1899 साली नेपाळच्या राजाच्या गौरवासाठी एक धून रचली. पुढे तीच त्या देशाच्या राष्ट्रगीताची चाल झाली आणि 2006 पर्यंत राहिली. एवढी वर्षे एक अख्खे राष्ट्र जी चाल ऐकून ताठ उभे राहत होते, तिच्या कर्त्याचे नाव त्या उभ्या राहणाऱ्यांपैकी किती जणांच्या ओठी असेल? वडील पुष्कर बहादूर ट्रंपेट वाजवीत. चाळिसाच्या दशकाच्या आरंभी ते कलकत्त्यास जाऊन एका युरोपीय वाद्यवृंदात दाखल झाले आणि तेथे जॉर्ज बँक्स झाले. मुलाचेही नाव त्यांनी बदलले. लुई आर्मस्ट्राँग या थोर कृष्णवर्णी ट्रंपेटवादकाच्या नावावरून त्याला लुई केले. युरोपीय पद्धतीच्या हॉटेलात वाजवावयाचे तर नाव तसेच हवे, असा तो काळ. आमच्या गोव्यातील हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ हे मुंबईस येऊन ‘चिक चॉकोलेट’ झाले, तेही याच चालीने. पोटासाठी माणूस गाव सोडतो हे आपण नेहमी पाहतो. कलावंताला कधीकधी नावही सोडावे लागते.

तेराव्या वर्षी लुई वडिलांच्या वाद्यवृंदात गिटार आणि ट्रंपेट वाजवू लागले. पियानोकडे ते नंतर वळले. शिक्षण आटोपल्यावर वडिलांबरोबर काठमांडूस गेले, आणि तेथील हॉटेलात रोज संध्याकाळी वाजविण्याचा व्यवसाय करीत असताना जॅझने त्यांचा ताबा घेतला. ऑस्कर पीटरसन, बिल एव्हान्स अशा पियानोवादकांच्या ध्वनिमुद्रिका हे त्यांचे गुरुकुल. ज्याला समोर बसवून शिकविणारा कोणी नाही त्याने तबकडी पुन्हा पुन्हा मागे फिरवावी आणि बोटांना ते वळण लावावे, अशी ती साधना. आपल्याकडे एकलव्याची कथा सांगताना अंगठ्याचाच गवगवा फार होतो. मला त्या कथेत नेहमी त्याने एकट्याने काढलेल्या वर्षांचे मोल अधिक वाटत आले आहे.

सत्तराच्या दशकात ते कलकत्त्यास आले. पार्क स्ट्रीटवरील ‘ब्लू फॉक्स’ या उपाहारगृहात गायिका पॅम क्रेन आणि गोव्याच्या नेवरा गावचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्यासह त्यांचे वादन होऊ लागले. लोक जेवावयास येत आणि ऐकत बसत. तेथेच राहुलदेव बर्मन यांनी त्यांना हेरले. ‘मुक्ती’ (1977) या चित्रपटासाठी त्यांनी पियानो वाजविला, आणि ते दशक संपता संपता ते मुंबईकर झाले. पुढचा सारा जीवनक्रम मुंबईचा. चित्रपटांचे ध्वनिमुद्रण, जाहिरातींची असंख्य छोटी गाणी, आणि त्या धबडग्यातून वाचविलेल्या वेळात जॅझ.

आता जॅझ म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांसाठी थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांनी विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास, मुख्यत्वे न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात, हे संगीत घडविले. शेतातील कष्टाची गाणी, चर्चमधील भजने, लष्करी बँडची टाकून दिलेली वाद्ये, सारे काही त्यात मिसळले. कागदावर लिहिलेली चाल असते खरी. पण वादक ती एकदा वाजवून दाखवितो आणि नंतर तिच्याच सांगाड्यावर आपल्या मनाचे नवे घर त्या क्षणी उभारतो. आपल्या गवयाची उपज आणि जॅझमधील ही उत्स्फूर्त रचना यांचे नाते चटकन लक्षात येते. ठेक्याचे आवर्तन फिरत असते, वादक त्याच्याशी लपंडाव खेळतो आणि समेवर भेटतो. श्रोताही आपल्याकडच्यासारखाच मान डोलावतो.

फरक आहे तो पायात. आपल्या संगीतात तंबोऱ्याचा षड्ज हे घराचे जोते. गवयाने कितीही मजले चढविले तरी ते हलत नाही. जॅझमध्ये हे जोतेच दर काही मात्रांनी सरकते. तीनचार स्वर एकाच वेळी दाबून जो स्वरमेळ निर्माण होतो, तो मात्रामात्रांनी बदलत जातो, आणि वरच्या सुरावटीला त्या सरकत्या जमिनीवरून न पडता चालावयाचे असते. ही जमीन घालण्याचे काम पियानोवादकाचे. डाव्या हाताने तो आधार देतो, उजव्याने स्वतः चालतो, आणि दुसरा कोणी पुढे येऊन वाजवू लागला की उजवा हात मागे घेऊन त्याच्या पायाखाली नेमका सूर ठेवतो. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचे ते अवजड वाद्य. प्रत्येक पट्टीचा सूर ठरलेला. त्यावर मींड नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद नाहीत. याच कारणांनी आपल्या आकाशवाणीने 1940 पासून सुमारे तीन दशके पेटीला आपल्या दारात उभे केले नव्हते. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी जिच्यातून सोने काढले त्या पेटीला! मला ती बंदी तेव्हाच्या दृष्टीनेही अन्यायाची वाटते. वाद्याला काय येत नाही याची यादी करणाऱ्यापेक्षा, जे येते त्यातून काय काढता येईल हे शोधणारा मोठा. पियानोला मींड येत नाही. पण दहा बोटांनी तो एकाच वेळी दहा सूर बोलू शकतो. जॅझच्या पियानोवादकांनी तेवढ्याच भांडवलावर संसार थाटला.

त्यांपैकी काही आपल्या देशापर्यंत आले. टेडी वेदरफोर्ड हे अमेरिकी पियानोवादक तिसाच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवीत असत. 1945 साली ते कलकत्त्यात वारले. ड्यूक एलिंग्टन हे 1963 साली आपला वाद्यवृंद घेऊन भारतात आले होते; त्याच दौऱ्यात अध्यक्ष केनेडींच्या हत्येची वार्ता आली आणि दौरा अर्धवट राहिला. हे एलिंग्टन पियानोवादक आणि रचनाकार दोन्ही. पण त्यांच्याविषयी मला अधिक भावलेली गोष्ट निराळी आहे. ते रचना करीत तेव्हा ‘ट्रंपेटसाठी’ म्हणून लिहीत नसत; आपल्या वृंदातील कोणता माणूस ती वाजविणार, त्याचा श्वास केवढा, त्याच्या सुराला खरखर किती, हे ध्यानात घेऊन त्या माणसासाठी लिहीत. कूटी विल्यम्स या आपल्या ट्रंपेटवादकासाठी त्यांनी 1940 साली एक रचना केली आणि तिच्या शीर्षकातच कूटीचे नाव घातले. वादकाचे नाव शीर्षकात! आणि मला ते पत्रिकेच्या चौथ्या पानावरही सुचले नव्हते.

मी कोंकणी घरातली. आजोळ मडगावच्या बाजूचे. लहानपणी सुटीत तेथे गेले की शेजारच्या वाड्यातून व्हायोलिनचे स्वरपाठ ऐकू येत; चर्चच्या शाळेतून मुलांना अक्षरांबरोबरच स्वरलेखन वाचावयास शिकविण्याची गोव्यात जुनी परंपरा आहे. तिचा एक परिणाम असा झाला, की मुंबईत चित्रपटसंगीताला मोठ्या वाद्यवृंदाची गरज पडली तेव्हा कागदावरचे संगीत वाचून पहिल्याच बैठकीत वाजवू शकणारी माणसे हवी होती, आणि ती गोव्यातून आली. संगीत-दिग्दर्शक चाल सांगे. ती ऐकून कोणत्या ओळीमागे व्हायोलिने यावीत, कोठे ट्रंपेट चमकावे, दोन कडव्यांमधली मोकळी जागा कशाने भरावी, हे सारे लिहून काढणारा दुसराच असे. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम वर्षानुवर्षे केले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांच्या ‘अलबेला’ (1951) मध्ये जी नवी झिंग होती तिच्यामागे चिक चॉकोलेट यांचा मोठा हात होता. चाल सुचणे ही ईश्वरी देणगी. तिचा मान उणा करावा असे मी म्हणत नाही. परंतु आपण जी गाणी गुणगुणतो त्यांतले दोन ओळींमधले वाद्यांचे तुकडेही आपण ‘तारारा’ करून गुणगुणतोच की नाही? ते तुकडे कोणाचे, हे कोणी विचारीत नाही. चित्रपटाच्या आरंभी नामावळी सरकत असे. तीत या माणसांना जागा मिळालीच तर ‘साहाय्यक’ म्हणून, बारीक अक्षरांत.

यातला सर्वांत विचित्र प्रकार माजोर्ड्याच्या ॲन्थनी गोन्साल्विस यांचा. हे नाव न ऐकलेला माणूस भारतात सापडणे कठीण. 1977 सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटात भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येऊन अमिताभ बच्चन ते नाव गातात आणि आजही लग्नाच्या वरातीत बँडवाले ते वाजवितात. पण या नावाचा एक खराखुरा व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक होता, तो संगीतकार प्यारेलाल यांचा गुरू होता, आणि शिष्याने गुरुदक्षिणा म्हणून ते नाव गाण्यात गोवले, हे किती जणांना माहीत आहे? 2012 साली ते गोव्यात निवर्तले. नाव दिगंतरी पोहोचले आणि माणूस मात्र मागेच राहिला.

लुई बँक्स यांचे भाग्य त्या मानाने बरे. जॅझच्या वर्तुळात त्यांना मोठा मान आहे. 1978 पासून मुंबईत भरू लागलेल्या ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवाने भारतीय वादकांना परदेशी दिग्गजांच्या शेजारी बसविले. बँक्स आणि ब्राझ गोन्साल्विस यांनी रागसंगीत आणि जॅझ यांचा मेळ घालण्याचे प्रयोग केले, तेही याच सुमारास. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या ‘माइल्स फ्रॉम इंडिया’ आणि जॉन मॅकलॉफलिन यांच्या ‘फ्लोटिंग पॉइंट’ या दोन्ही ध्वनिमुद्रिकांत त्यांचे वादन आहे, आणि त्या दोन्हींना एकाच वर्षी ग्रॅमी पारितोषिकासाठी नामांकन मिळाले होते. पारितोषिक तिसऱ्यालाच मिळाले, ते असो. त्यांचा मुलगा जिनो हा नामांकित ड्रमवादक आहे. म्हणजे बखत बहादूरांपासून मोजले तर ही चौथी पिढी.

राग आणि जॅझ यांच्या या मेळाविषयी माझे मत थोडे सावध आहे. अशा प्रयोगांपैकी पुष्कळ ठिकाणी मला दोन पाहुणे एकाच कोचावर बसून आळीपाळीने बोलताहेत असे वाटते. संभाषण होत नाही. जेथे होते तेथे मात्र ऐकत राहावेसे वाटते. ‘मिले सूर’ पुन्हा एकदा डोळे मिटून ऐका. गाणारे बदलतात, भाषा बदलते, वाद्ये बदलतात. सांधा मात्र कोठे दिसत नाही. काश्मिरीतून पंजाबीत आपण केव्हा शिरलो हे कळतच नाही. हे शिवणकाम एका जॅझवादकाच्या हातून झाले यात मला नवल वाटत नाही. दुसऱ्याच्या पायाखाली योग्य वेळी योग्य सूर ठेवणे, हाच ज्याचा आयुष्यभराचा अभ्यास, त्यालाच हे साधावे.

आणि या संदर्भात एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या गीतातील चौदा भाषांत माझी कोंकणी नाही. पूर्वी मला याचे वाईट वाटे. पण नेपाळीही नाही; म्हणजे ज्याने हे सारे ओवले त्याच्या घरची भाषा त्यात नाही. कोंकणी आणि नेपाळी या दोन्ही भाषा, मणिपुरीसह, 1992 साली एकाच घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आल्या. तोवर ते गीत चार वर्षे घराघरांत वाजत होते. अशोक पत्कींना पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ‘अंतर्नाद’ या कोंकणी चित्रपटाच्या संगीतासाठी, हे कळले तेव्हा माझी जुनी रुखरुख बरीचशी निवाली.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येते. ज्या मुलाचा उल्लेख मी आरंभी केला त्याचे वडील गेल्या महिन्यात शाळेत आले होते. मुलगा आता दहावीत आहे. कीबोर्डचा क्लास बंद करावा असा त्यांचा विचार आहे. ‘‘बाई, वाजवून पोट भरते का?’’ असा त्यांचा सरळ प्रश्न होता, आणि तो मला मुळीच तुच्छ वाटला नाही. महिन्याचा खर्च ज्याला भागवावा लागतो त्याला तो विचारण्याचा अधिकार आहे. कलेसाठी उपाशी मरा असा उपदेश करणारे बहुधा जेवून उठलेले असतात.

मी त्यांना बँक्स यांची हकीगत सांगितली. हॉटेलात लोक जेवत असताना त्यांनी वाजविले. जाहिरातींसाठी अर्ध्या मिनिटाची गाणी केली, एकदोन नव्हे, पुष्कळ. या कामाला नाक मुरडणारे रसिक मी पाहिले आहेत. माझ्या मते हे नाक मुरडणे अडाणीपणाचे आहे. अर्ध्या मिनिटात सुरुवात, भर आणि शेवट साधावयाचा, तोही दुसऱ्याने दिलेल्या शब्दांवर आणि ठरलेल्या दिवशी, यात कारागिरीची मोठी कसोटी लागते. पत्कींनीही हे काम मोठ्या प्रमाणावर केले आणि त्यामुळे त्यांची भावगीते उणी झाली नाहीत. अर्थात प्रत्येक वाजविणारा लुई बँक्स होत नाही, हेही मी त्या गृहस्थांना सांगितले. प्रत्येक गणित करणाराही रामानुजन होत नाही. पण म्हणून आपण दहावीत गणिताचा तास बंद करीत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळ हा मुलगा वाजवीत राहिला तर त्याच्या गुणांतून काही वजा होईल असे मला वाटत नाही. दुसऱ्याचे ऐकून आपला सूर ठरविण्याची सवय त्याला आहे, ती वर्गात मला रोज दिसते. गटाने प्रयोग करावयाचा असला की मुले त्यालाच आपल्यात ओढतात.

त्यांनी काही उत्तर दिले नाही. ‘‘बघतो,’’ म्हणाले. त्यांच्या या ‘बघतो’वर मी फार भिस्त ठेवीत नाही, पण क्लास अद्याप बंद झालेला नाही, एवढे खरे.

मात्र पालकांना उपदेश करण्याआधी आम्ही शिक्षकांनी आमचे घर पाहावे. गाण्याच्या स्पर्धेत गाणाऱ्याला ढाल मिळते. तबल्यावरची मुलगी टाळ्या वाजत असतानाच तबला उचलून पडद्यामागे जाते. गुणपत्रकाच्या ‘विशेष प्रावीण्य’ या रकान्यात आम्ही ‘गायन’ लिहितो, ‘साथ’ असे कधी लिहीत नाही. चांगला शेजार कसा असावा हे शिकावयाला आम्हांला दूरही जावे लागत नाही. येथेच चिक्कडपल्लीत त्यागराय गानसभा आहे. तिच्या दारावरून आपण शेकडो वेळा जातो. दाक्षिणात्य संगीताच्या कचेरीचा फलक एकदा थांबून वाचावा: गायकाच्या नावाखाली व्हायोलिन कोणाचे, मृदंग कोणाचा, घटम् असेल तर तो कोणाचा, हे ओळीने लिहिलेले असते. मैफिलीत मृदंगवादकाला त्याचा स्वतंत्र वेळ मिळतो, आणि तेव्हा गायक स्वतः हाताने ताल धरून बसलेला असतो. आमच्या तेलुगू शेजाऱ्यांना यात विशेष काही वाटत नाही. त्यांच्याकडे ती रीतच आहे. आपल्याकडे अलीकडे ही रीत मोठ्या मैफिलींत आली आहे, पण शाळेच्या संमेलनापर्यंत ती उतरलेली नाही.

हा लेख लिहावयास घेतला तेव्हा भरपाई म्हणून त्या मुलाचे नाव येथे छापावे असे माझ्या मनात होते. त्याला विचारले. तो थोडा लाजला आणि म्हणाला, ‘‘बाई, लेखात नको. पत्रिकेत घाला.’’ मला त्याचे म्हणणे पटले. लेखात नाव आले असते तर ते माझ्या चुकीच्या निमित्ताने आले असते. पत्रिकेत येईल ते त्याच्या कामासाठी.

यंदाच्या संमेलनाच्या पत्रिकेचा मजकूर परवा छापखान्यातून तपासणीसाठी आला. प्रत्येक गाण्याखाली ‘साथसंगत’ अशी ओळ आम्ही घातली होती. जागा पुरत नाही म्हणून दोन गाण्यांखालची ती गाळलेली दिसली. मी शेवटच्या पानावरील ‘पत्रिका-संपादन’ ही माझ्या नावाची ओळ काढली, आणि त्या दोन्ही ओळी परत बसविल्या. कीबोर्ड, तबला आणि, यंदा प्रथमच, सातवीतल्या एका मुलीचे व्हायोलिन. आजीला पत्रिकेची एक प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे.